नेटफ्लिक्सचे ‘डाउनलोड्स फॉर यू’: चालू करावे, पण १ जीबीवरच

मोबाइल टॉवरची क्षमता आजूबाजूच्या सगळ्या फोनमध्ये वाटली जाते. म्हणून ऐन संध्याकाळी व्हिडिओ अडखळतो. उपाय एकच, लागणारी फाइल आधी आणून ठेवणे. नेटफ्लिक्स हे दोन ठिकाणी करते. इंटरनेट पुरवठादारांकडे बसवलेल्या ‘ओपन कनेक्ट’ सर्व्हरमध्ये उद्या काय पाहिले जाईल याचा अंदाज बांधून, वर्दळ कमी असताना फाइली भरल्या जातात. दुसरे ठिकाण म्हणजे तुमचा फोन. हे परीक्षण त्याचेच.

ॲपमधल्या ‘स्मार्ट डाउनलोड्स’ या आपोआप डाउनलोड करणाऱ्या सोयीत दोन बटणे आहेत. २०१८ मध्ये आलेले पहिले, डाउनलोड केलेला भाग पाहून झाला की तो पुसते आणि पुढचा आणते. २०२१ मध्ये अँड्रॉइडवर आलेले ‘डाउनलोड्स फॉर यू’ तुमच्या पाहण्यावरून आवड ओळखते आणि ठरवून दिलेल्या १, ३ किंवा ५ जीबीत न मागता मालिका-चित्रपट भरते. दोन्ही फक्त वायफायवर चालतात.

पहिले बटण बिनधास्त चालू ठेवा. सहावा भाग पाहिलेला माणूस बहुतेक वेळा सातवा पाहतोच, त्यासाठी आवडीचा अंदाज बांधणाऱ्या संगणकीय मॉडेलची गरजही नाही. दुसऱ्याची अडचण मुळातली आहे. स्क्रीनवरची शिफारस चुकली तर बोट पुढे सरकते, फुकट काही जात नाही. डाउनलोड चुकले तर डेटा, बॅटरी आणि जागा तिन्ही जातात. शिवाय समोर यादी असताना आपण काय निवडू, आणि रेंज नसताना काय पाहू, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. घरातले सगळे एकाच प्रोफाइलवर पाहत असतील तर अंदाज हमखास बिघडतो. आधी प्रोफाइल वेगळे करा.

म्हणून सुरुवात १ जीबीपासून करावी. डाउनलोडचा दर्जा ‘स्टँडर्ड’ ठेवावा, म्हणजे तेवढ्या जागेत जास्त मावते. दोन-तीन आठवड्यांनी आणलेल्यांपैकी किती पाहिले ते मोजा. निम्म्याहून कमी असेल तर दुसरे बटण बंद करून ती जागा पहिल्या बटणाला द्या.

रात्रभर वायफाय असूनही काहीच उतरत नसेल तर बहुधा फोनची बॅटरी-बचत ॲपला पार्श्वभूमीत थांबवत असते. बॅटरी सेटिंगमध्ये नेटफ्लिक्सवरचे निर्बंध काढा. दुसऱ्या फोनच्या हॉटस्पॉटवर असताना मात्र दोन्ही बटणे बंद ठेवा. नावाला ते वायफाय असते, पण जातो त्या फोनचा रोजचा डेटा.

कोकण रेल्वेने निघणार असाल तर वाटेत रेंज जाणारच, रत्नागिरीजवळचा करबुडेचा एक बोगदाच साडेसहा किलोमीटरचा आहे. म्हणून आदल्या रात्री डाउनलोड्सचे पान उघडून मुदत तपासा. काही शीर्षके पाहायला सुरुवात केल्यापासून ४८ तासांतच बंद होतात, आणि मुदत वाढवायला पुन्हा नेटच लागते.