२७ इंची फोर-के मॉनिटर: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

माझे काम मुद्रितशोधनाचे आहे. दिवसातले सात-आठ तास मी पडद्यावरचा देवनागरी मजकूर वाचत असते आणि त्यात रफार, अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षरे हेच सगळे पाहायचे असल्यामुळे अक्षराची कड किती स्वच्छ उमटते यावर संध्याकाळी माझे डोळे कितपत थकलेले असतील हे ठरते. नऊ महिन्यांपूर्वी २४ इंची फुल एचडी मॉनिटरच्या जागी मी २७ इंची, ३८४० × २१६० पिक्सेलचा (यालाच फोर-के म्हणतात) आयपीएस, म्हणजे एका प्रकारच्या एलसीडी पॅनेलचा, मॉनिटर घेतला. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण मला आलेल्या अडचणी या वर्गातल्या कोणत्याही मॉनिटरमध्ये येऊ शकतात आणि त्यांतल्या बहुतेक खरेदीपूर्वी किंवा परतीच्या मुदतीत पकडता येण्याजोग्या आहेत.

ज्यासाठी मॉनिटर घेतला, ते काम तो उत्तम करतो हे आधीच सांगते. जुन्या मॉनिटरवर एका इंचात सुमारे ९२ पिक्सेल होते, याच्यावर १६३ आहेत. ‘नष्ट’मधला ष्ट आणि ‘निष्ठा’मधला ष्ठ ओळखण्यासाठी पूर्वी मला तळटिपा दर वेळी मोठ्या करून पाहाव्या लागत, आता पान मूळ आकारात ठेवूनही ते वेगळे दिसतात. हा फरक पहिल्या आठवड्याच्या कौतुकापुरता नव्हता. मध्यंतरी एक दिवस जुन्या मॉनिटरवर काम करावे लागले, तेव्हा अक्षरांच्या पायऱ्या पायऱ्यांच्या कडा पाहून आपण इतकी वर्षे यावर कसे वाचत होतो, असे वाटले.

फोर-के म्हणजे फुल एचडीच्या चौपट पिक्सेल, म्हणून पडद्यावर चौपट मजकूर मावेल, असे मात्र कोणी धरून चालू नये. स्केलिंग, म्हणजे अक्षरे-चिन्हे किती मोठी दाखवायची याचे सेटिंग, १०० टक्के ठेवले, तर २७ इंचांवर अक्षरे इतकी बारीक होतात की पाच मिनिटांत मान पुढे जाते. मी १५० टक्के ठेवले आहे आणि त्यामुळे प्रत्यक्षात मिळणारी जागा २५६० × १४४० पिक्सेलच्या मॉनिटरइतकीच आहे. जास्तीचे पिक्सेल अक्षरे रेखीव करण्यात खर्ची पडतात. माझ्यासाठी तेच हवे होते. मात्र पानांच्या मांडणीचे माझे एक जुने सॉफ्टवेअर या स्केलिंगला दाद देत नाही. त्याची खिडकी संगणक छायाचित्रासारखी ताणून मोठी करतो आणि सगळा मजकूर धूसर होतो. आपल्या रोजच्या कामातले एखादे सॉफ्टवेअर असे जुने असेल, तर मॉनिटर कितीही चांगला असला तरी त्या एका खिडकीपुरता तो आधीच्यापेक्षा वाईट ठरतो. शेजारी जुना फुल एचडी मॉनिटर ठेवण्याचा प्रयोगही मी दोन आठवड्यांत सोडून दिला, कारण एका पडद्यावरून दुसऱ्यावर सरकवताना खिडकीचा आकार प्रत्येक वेळी बदलत असे.

आता दोषांविषयी. पहिला मॉनिटर आल्यावर तिसऱ्या दिवशी मी एका पुस्तकाची पाने पूर्ण दिसावीत म्हणून लहान करून चाळत होते. एका ओळीत ‘घरात’ असा शब्द हवा होता आणि मला ‘घरांत’ दिसला. मी अनुस्वार काढण्यासाठी खूण केली, पान वर सरकवले, तर तो अनुस्वार पानाबरोबर वर गेलाच नाही. तो दोन ओळींमधल्या कोऱ्या जागेत तसाच राहिला. तो मृत, म्हणजे कायमचा बंद पडून काळाच राहिलेला, पिक्सेल होता. त्याची रुंदी सुमारे ०.१६ मिलिमीटर, म्हणजे चलचित्र पाहणाऱ्याच्या तो कधी लक्षातही येणार नाही. पण पांढऱ्या पानावर टिंबे शोधण्याचेच ज्याचे काम आहे, त्याच्यासाठी पडद्याच्या मधोमध असलेले एक काळे टिंब म्हणजे रोजची फसगत आहे.

सेवा केंद्राने सांगितले की, एक पिक्सेल मृत असणे हे परवानगीच्या मर्यादेत बसते आणि त्यासाठी वॉरंटीत मॉनिटर बदलून मिळत नाही. मला राग आला, पण नियम वाचल्यावर त्यांचे म्हणणे कागदोपत्री बरोबर असल्याचे दिसले. आयएसओ १३४०६-२ या २००१ सालच्या मानकात सदोष पिक्सेलांनुसार पडद्यांचे वर्ग ठरवलेले होते आणि २००८ मध्ये त्याची जागा आयएसओ ९२४१ मालिकेतल्या ३०७ क्रमांकाच्या भागाने घेतली. जुन्या मानकाच्या दुसऱ्या वर्गात दर दहा लाख पिक्सेलांमागे दोन सतत उजळ, दोन सतत काळे आणि पाच सदोष उपपिक्सेल (एका पिक्सेलचे लाल, हिरवे, निळे भाग) चालत. ही मर्यादा ‘दर दहा लाखांमागे’ आहे, हेच इथे कळीचे आहे. फोर-के पडद्यावर ८२,९४,४०० पिक्सेल असतात, म्हणजे त्या हिशेबाने सोळा काळी टिंबे असलेला पडदाही नियमात बसला असता. रिझोल्यूशन जितके जास्त, तितके चालवून घेण्याजोगे दोषही जास्त. म्हणून वॉरंटीच्या कागदात ‘मृत पिक्सेल’ आणि ‘उजळ पिक्सेल’ यांविषयी नेमके काय लिहिले आहे, ते खरेदीपूर्वी वाचावे. काही कंपन्या एकही उजळ पिक्सेल निघाल्यास मॉनिटर बदलून देतात, पण काळ्या पिक्सेलांना तीच सवलत देत नाहीत.

मला शेवटी उपयोगी पडली ती विक्रेत्याची परतीची मुदत, आणि तिचे दोनच दिवस उरले होते. त्याच मॉनिटरच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात पांढरा रंग पिवळसर दिसत असे. दोन पाने शेजारी शेजारी उघडली की डावे पान जुन्या कागदावर छापल्यासारखे वाटे. हा रंगाच्या असमानतेचा दोष माझ्या मते मृत पिक्सेलपेक्षाही त्रासदायक आहे, कारण तो पडद्याचा मोठा भाग व्यापतो आणि कोणत्याही सेटिंगने जात नाही. गुणवैशिष्ट्यांच्या तक्त्यात त्याच्यासाठी रकानाच नसतो. एकाच मॉडेलच्या दोन नगांमध्येही तो कमी-जास्त असतो, त्यामुळे दुसऱ्या कोणाच्या मॉनिटरचे परीक्षण वाचून आपल्या वाट्याला काय येईल हे कळत नाही.

बदलून आलेल्या मॉनिटरची मी पहिल्याच संध्याकाळी नीट तपासणी केली. पूर्ण पडदा भरेल असे पांढरे, काळे, लाल, हिरवे, निळे आणि मध्यम करडे चित्र एकेक करून लावले आणि पडदा मऊ कापडाने पुसून प्रत्येक रंगावर सावकाश नजर फिरवली, कारण धुळीचा कण आणि मृत पिक्सेल लांबून सारखेच दिसतात. मग खोली अंधारी करून काळे चित्र पाहिले. उजव्या खालच्या कोपऱ्यात मंद उजेड होता. तो बॅकलाइटची (पडद्यामागच्या दिव्यांची) गळती आहे की आयपीएस पॅनेलची नेहमीची चमक, हे ओळखण्याचा साधा उपाय म्हणजे डोके हलवून पाहणे. बसण्याची जागा बदलल्यावर उजेड सरकला किंवा मावळला, तर ती चमक असते आणि ती या प्रकारच्या पॅनेलमध्ये थोडीफार असतेच. जागच्या जागी राहिला, तर गळती. माझ्या मॉनिटरवर तो सरकला, म्हणून मॉनिटर ठेवून घेतला. फोनने काढलेल्या छायाचित्रावर मात्र निर्णय घेऊ नये, कारण अंधारात कॅमेरा उजेड वाढवून दाखवतो.

पिक्सेलांचा प्रश्न सुटला आणि केबलचा सुरू झाला. माऊसचा बाण सरकण्याऐवजी टप्प्याटप्प्याने उड्या मारतो असे जाणवत होते, आणि सेटिंगमध्ये पाहिले तर रिफ्रेश रेट, म्हणजे पडद्यावरचे चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने उमटते तो आकडा, ६० ऐवजी ३० हर्ट्झ होता. मी लॅपटॉप यूएसबी-सी केबलने जोडला होता आणि मॉनिटरच्याच यूएसबी खाचांमध्ये कीबोर्ड व हार्ड डिस्क लावली होती. या केबलमधल्या चार वेगवान मार्गिकांपैकी दोन यूएसबी ३ च्या डेटासाठी राखल्या गेल्या की चित्रासाठी दोनच उरतात, आणि माझ्या जुन्या लॅपटॉपच्या डिस्प्लेपोर्ट १.२ ला (चित्र पाठवण्याच्या पद्धतीच्या जुन्या आवृत्तीला) तेवढ्यात फोर-के ३० हर्ट्झच जमते. मॉनिटरच्या मेनूत यूएसबी २ ला प्राधान्य दिल्याबरोबर ६० हर्ट्झ मिळाले. हार्ड डिस्क मात्र मंदावली, म्हणून ती मी थेट लॅपटॉपला जोडते. एचडीएमआयने जोडणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे: १.४ आवृत्तीवर फोर-के ३० हर्ट्झपर्यंतच जाते, ६० साठी किमान २.० हवी, आणि ती संगणक, मॉनिटर व केबल या तिन्हींना पेलली पाहिजे. चौथ्या महिन्यात झोपलेला मॉनिटर मधूनच जागा होईनासा झाला. मी पॅनेलवर संशय घेत राहिले, पण तीन मीटरची केबल काढून एक मीटरची प्रमाणित केबल लावल्यावर ती तक्रार पुन्हा आलेली नाही.

एचडीआरविषयी, म्हणजे चित्रातले उजळ आणि गडद भाग अधिक फरकाने दाखवण्याच्या सोयीविषयी, थोडक्यात लिहिते. खोक्यावरच्या डिस्प्लेएचडीआर ४०० या शिक्क्याने खरेदीचा निर्णय मुळीच ठरवू नये. ती त्या प्रमाणपत्राची सर्वांत खालची पायरी आहे आणि तिच्यासाठी बॅकलाइट भागाभागाने मंद करण्याची सोय बंधनकारक नाही, त्यामुळे काळा रंग करडाच राहतो. मी एचडीआर बंद ठेवते. प्रखरताही मी आल्या दिवशी ७५ वरून २८ वर आणली. बॅकलाइट फार कमी प्रखरतेवर लुकलुकतो का, हे फोनच्या कॅमेऱ्याचा शटर वेगवान ठेवून पाहिले; पडद्यावर काळे पट्टे फिरताना दिसले नाहीत आणि नऊ महिन्यांत माझे डोकेही दुखलेले नाही.

आज पुन्हा घ्यायचा झाला, तर मजकुराच्या कामासाठी मी २७ इंचीच घेईन. ३२ इंचांवर हेच रिझोल्यूशन इंचाला १३८ पिक्सेलांवर येते आणि कोपरे पाहण्यासाठी मान वळवावी लागते. तक्ते आणि मोठे आराखडे पाहणाऱ्यांना मात्र तो आकार अधिक सोयीचा पडेल. स्टँड उंची बदलणारा घेईन, किंवा मागे १०० × १०० मिलिमीटर अंतरावर चार छिद्रे असलेला घेऊन स्वतंत्र आर्मवर लावेन, कारण मला आलेला स्टँड टायपिंग करताना थरथरतो. तीन वर्षांच्या वॉरंटीपैकी सव्वादोन वर्षे उरली आहेत. माझ्या मॉनिटरच्या वॉरंटीत तो मूळ खोक्यातूनच पाठवावा अशी अट असल्यामुळे खोके, आतला थर्माकोल आणि पडद्यावरची पातळ पिशवी मी कपाटावर जपून ठेवली आहे.