जुनी क्रूझिंग (लांबच्या सफरीची) नौका की नवी वेगवान नौका: घेण्याआधी काय पाहायचं

शिडाच्या दोन नौकांची जाहिरातीतली लांबी जवळपास सारखी असली, तरी पाण्यात त्यांचं वागणं अगदी वेगळं असू शकतं. हा फरक कशामुळे पडतो ते दोन नावाजलेल्या नौकांच्या आकड्यांवरून कळतं. १९७० च्या दशकातली कॉन्टेसा ३२ एकूण ३२ फूट लांब, पण पाण्यावर टेकणारी लांबी फक्त २४ फूट. रुंदी साडेनऊ फूट, वजन सुमारे ४,३०० किलो. २००० नंतर आलेली जे/१०९ साधारण ३५ फुटांची, पाण्यावर साडेतीस फूट, रुंदी साडेअकरा फूट, वजन सुमारे ४,९५० किलो. वजन जेमतेम साडेसहाशे किलोंनी वाढलं, पण पाण्यावरची लांबी साडेसहा फुटांनी वाढली.

पाण्यावरच्या लांबीचं फुटांतलं वर्गमूळ काढून त्याला १.३४ ने गुणलं की नौकेचा नेहमीचा कमाल वेग नॉटमध्ये (तासाला सागरी मैल) मिळतो. कॉन्टेसासाठी तो सुमारे ६.६ येतो, जे/१०९ साठी ७.४. हलकी, म्हणजे पाण्यावरच्या लांबीच्या मानाने कमी वजनाची नौका मागून येणाऱ्या लाटेवर ही मर्यादा सहज ओलांडते, जड नौका क्वचितच. ६०० सागरी मैलांच्या पल्ल्यात सरासरी ५ नॉट मिळाले तर पूर्ण ५ दिवस लागतात, साडेसहा मिळाले तर ४ दिवसांच्या आत बंदर गाठता येतं. हवामानाचा अंदाज ३-४ दिवसांपलीकडे डळमळीत होत जातो, म्हणून हा एक दिवस मोलाचा. सहा-आठ नॉटच्या मंद वाऱ्यात तर फरक आणखी ठळक दिसतो: हलकी नौका शिडावर चालत राहते, जड नौकेत इंजिन सुरू करावं लागतं.

मग सगळ्यांनी नवीच का घेऊ नये? कारण सामान. दोन माणसं महिनाभरासाठी निघाली तर ३०० लिटर पाणी, दीडशे लिटर डिझेल, ८ मिमी जाडीची ६० मीटर नांगराची साखळी (हीच सुमारे ८५ किलो), नांगर, बॅटऱ्या, छोटी होडी, दुरुस्तीची हत्यारं आणि शिधा मिळून एक टन सहज भरतो. वेस्टसेल ३२ सारख्या जुन्या, जवळपास ९ टनांच्या नौकेला हा टन फारसा जाणवत नाही. पाच टनांच्या नौकेवर तोच टन म्हणजे वजनात २० टक्के भर. ती खाली बसते आणि ज्या वेगासाठी पैसे मोजले तोच हातचा जातो. त्यात साखळी पुढच्या टोकात ठेवली तर नाक लाटेत घुसतं. तेव्हा आधी सामानाची यादी करा, वजनं मांडा, मग नौका बघा. बहुतेक लोक उलट क्रमाने जातात, आणि चुकीची निवड बहुधा तिथेच होते.

खराब हवामानाचा हिशेब वेगळा आहे. १९७९ च्या फास्टनेट या ब्रिटनजवळच्या खुल्या समुद्रातल्या शर्यतीत ३०३ नौका निघाल्या, ८६ नी शर्यत पुरी केली, आणि १५ खलाशी दगावले. सर्वांत लहान गटातून एकच नौका शेवटपर्यंत पोचली, आणि ती कॉन्टेसा ३२ होती. अरुंद, खोल, जड बांध्याची नौका उलटली तरी चटकन सरळ होते. रुंद नौका सुरुवातीला कमी कलते म्हणून स्थिर वाटते, पण पूर्ण उलटी झाली की तशीच राहण्याची शक्यता जास्त. ती किती अंशांपर्यंत कलून परत येते हा आकडा विक्रेत्याकडून लेखी घ्या. खुल्या समुद्रासाठीच्या ‘अ’ वर्गात आयएसओ १२२१७ या नौकांच्या स्थैर्याच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ही किमान मर्यादा १३० वजा (किलोंतलं वजन गुणिले ०.००२) अशी ठरते, पण १०० अंशांच्या खाली कधीच नाही. पाच टनांच्या नौकेला म्हणजे १२० अंश.

रुंद मागच्या भागाच्या नौका फार कलल्या की सुकाणू पाण्याबाहेर येऊ लागतं, पकड सुटते आणि नौका झटक्यात वाऱ्याकडे वळते. तिच्यावर शीड लवकर आखडावं लागतं. लांब कीलची (कील म्हणजे तळाखालचा वजनदार पंख) नौका वादळात पुढचं शीड उलट बांधून शांतपणे थांबवता येते. त्याच्या मोबदल्यात बंदरात मागे घेताना ती सुकाणूचं ऐकत नाही. रोज धक्क्यावर बांधणाऱ्याला हे फार छळतं.

तपासणीत दोघींचा धोका वेगळ्या जागी असतो. जुन्या नौकेत तो अनेक ठिकाणी विखुरलेला आणि हळूहळू वाढणारा. डोलकाठीच्या तारा जिथे नौकेला जोडतात त्या स्टीलच्या पट्ट्या डेकमधून जातात, आणि नेमक्या तिथेच, हवा न लागणाऱ्या फटीत, आतून कुरतडल्या जातात. बाहेरून चकचकीत दिसल्या तरी निदान दोन काढून बघा. तारा १०-१५ वर्षांपेक्षा जुन्या असतील तर बदलण्याचा खर्च किमतीतच धरा. डेकवर प्लास्टिकच्या हातोडीने ठोकत जा: खणखणीत आवाज चांगला, बोदा आवाज आला तर आतलं बाल्सा लाकूड भिजलंय. पाण्याखालचे व्हॉल्व्ह पितळी असतील तर जरा खरवडून बघा, गुलाबी रंग दिसला तर त्यातलं जस्त निघून गेलंय. तळावरच्या फोडांना मात्र लोक उगाच घाबरतात, त्यांनी नौका क्वचितच बुडते.

नव्या नौकेत धोका एकाच जागी एकवटलेला असतो: कील आणि तळ यांचा जोड. अनेक नौकांत आतली आधारजाळी तळाला फक्त चिकटवलेली असते. कील खडकावर आपटली की तिची मागची कड वर दाबली जाते आणि ही जाळी तिथेच सुटू लागते. २०१४ साली अटलांटिकमध्ये ‘चीकी रफीकी’ या नौकेची कील तुटून चौघे गेले; आधीच्या आपटण्यांमुळे आणि दुरुस्त्यांमुळे जोड कमकुवत झाला असावा, असं चौकशीत म्हटलं आहे. म्हणून आतल्या जमिनीच्या फळ्या उचलून शेवटच्या बोल्टांभोवती बारीक तडे शोधा, जाळीवर ठोकून पाहा, आणि नौका क्रेनच्या पट्ट्यांवर लटकत असताना कीलचं खालचं टोक हाताने हलवा. जोडावर फट उघडत-मिटत असेल तर सौदा थांबवा. किती वेळा आपटली हे मालकाकडून लिहून घ्या. सेलड्राइव्ह (इंजिनापासून तळातून थेट खाली पाण्यात जाणारा, पंखा फिरवणारा भाग) असेल तर त्याचं रबरी सील कधी बदललं तेही विचारा, काही उत्पादक ते दर ७ वर्षांनी बदलायला सांगतात.

दोन-तीन दिवसांच्या सफरी, चार माणसांचा चमू आणि अधूनमधून शर्यत असेल तर नवी घ्या. दोघांनीच महिनोन्‌महिने राहायचं असेल तर जुनी, पण किमतीच्या निदान एक तृतीयांश रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला ठेवून. चाचणीसाठी निदान १५ नॉट वारा असलेला दिवस निवडा, पूर्ण शिडावर २५ अंश कलू द्या आणि सुकाणूला किती जोर लागतो ते बघा. नंतर इंजिनवर मागे घेऊन बघा.