राजदूताच्या करिअरवरचा कोर्स: सुरुवात भारी, पुढे ढेपाळला

राजदूत म्हणजे सूटबूट, पार्ट्या आणि झेंडा लावलेली गाडी एवढंच डोक्यात होतं, म्हणून हा रेकॉर्डेड कोर्स घेतला आणि पहिल्याच लेसनला समजूत उतरली. नेमणूक जाहीर करायच्या आधी समोरच्या देशाला गुपचूप विचारावं लागतं, हा माणूस चालेल का, आणि ते नाही म्हणाले तर कारण द्यायलाही बांधील नाहीत! १९६१ च्या व्हिएन्ना करारात, कलम ४ मध्ये, चक्क लिहिलंय तसं.

अधिकारपत्राचा लेसन तर दोनदा बघितला. तिथे जाऊन उतरलं की झालं असं नाही, आपल्या राष्ट्रप्रमुखाने त्यांच्या राष्ट्रप्रमुखाला लिहिलेलं पत्र न्यायचं, त्याची कॉपी आधी परराष्ट्र खात्यात द्यायची, मूळ पत्र नंतर समारंभात हातात. आणि राजदूतांच्या रांगेत पुढे कोण, तर ज्याने आधी सूत्रं घेतली तो, तारीख आणि वेळेनुसार, मग देश केवढा का असेना. हा नियम उगाच नाही आला, १६६१ मध्ये लंडनला बग्गी कोणाची पुढे यावरून स्पेन आणि फ्रान्सच्या राजदूतांच्या माणसांनी एकमेकांचे जीव घेतले होते. शिकवणाऱ्यांनी हे असलं रंगवून सांगितलंय की बास.

पण नंतर मात्र गाडी घसरली. रोजचं काम, म्हणजे लोकांना भेटून काय कळलं ते मोजक्या शब्दांत लिहून मायदेशी पाठवणं, ते दहा मिनिटांत गुंडाळलं, एक नमुना रिपोर्टसुद्धा नाही. दर तीन-चार वर्षांनी बिऱ्हाड हलवायचं, जोडीदाराच्या नोकरीचं काय, मुलांच्या शाळेचं काय, यावर फक्त एक स्लाइड, तीही हसऱ्या कुटुंबाच्या फोटोची. अरे?

सगळ्यात खटकलं ते वेगळंच. 'दूतावास म्हणजे पाठवणाऱ्या देशाची भूमी' असं ठोकून दिलंय. चूक आहे हो. जमीन यजमान देशाचीच असते, फक्त दूतावास प्रमुखाच्या परवानगीशिवाय त्यांचे पोलीस आत येऊ शकत नाहीत, कलम २२ वाचा. जे कलम ४ एवढं छान समजावतात त्यांनी पुढची अठरा कलमं वाचू नयेत? मेल केला, 'फीडबॅकबद्दल धन्यवाद' आलं, स्लाइड अजून तशीच आहे. पाचपैकी तीन स्टार, तेही बग्गीसाठी.