विकिव्हॉयेज: विकायला काहीच नसलेली प्रवास-मार्गदर्शिका

कुठे जायचे हे एकदा ठरले की पुढच्या मदतीला तोटा नसतो. विमानाचे तिकीट, राहायची खोली, वाटाड्या, सगळे काही मिनिटांत समोर हजर होते. अडते ते त्याच्या आधी, म्हणजे जगात जाण्याजोगे काय काय आहे हेच पुरते ठाऊक नसते तेव्हा. ठिकाणे सुचवणारी अनेक संकेतस्थळे आणि अ‍ॅप मी चाळली, पण पॅरिस, बाली, सांतोरिनी आणि दुबई हीच नावे प्रत्येक यादीत क्रम बदलून भेटत राहिली. यात नवल काही नाही. जिथल्या खोल्या आणि सहली विकून दलाली मिळते, तीच ठिकाणे अशा सेवा पुढे करणार. म्हणून गेले काही महिने मी या कामासाठी विकिव्हॉयेज ही मोफत मार्गदर्शिका वापरतो आहे आणि हे परीक्षण तिच्या याच एका उपयोगाबद्दल आहे: नवी ठिकाणे सापडण्यासाठी ती कितपत कामाची आहे?

विकिव्हॉयेज हे विकिपीडियाचे भावंड आहे. तिचे मूळ 2003 साली सुरू झालेल्या विकिट्रॅव्हल या संकेतस्थळात सापडते. ते 2006 साली एका व्यापारी कंपनीने विकत घेतले, तेव्हा जर्मन आणि इटालियन भाषांतले लेखक बाहेर पडले आणि त्यांनी विकिव्हॉयेजची उभारणी केली. पुढे इंग्रजीतले बहुतेक लेखकही तिकडे आले आणि 15 जानेवारी 2013 रोजी विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया प्रतिष्ठानाच्या छत्राखाली तिचे औपचारिक उद्घाटन झाले. मजकूर मुक्त परवान्याखाली असल्यामुळे लेखकांना आपले जुने लेखन सोबत नेता आले. आज ती वीसहून अधिक भाषांत आहे, मात्र खरी श्रीमंती इंग्रजी आवृत्तीची आहे, जिच्यात 30 हजारांहून अधिक लेख आहेत. जाहिराती नाहीत, आरक्षणाची सोय नाही, वाचकांनी दिलेले तारेही नाहीत.

तिची सर्वांत मोठी ताकद प्रथमदर्शनी रुक्ष वाटते, कारण ती मांडणीत आहे. सगळे जग खंड, देश, प्रदेश, शहर आणि मोठ्या शहरांच्या बाबतीत त्यातले विभाग, अशा उतरत्या क्रमाने लावलेले आहे आणि प्रत्येक पानाच्या माथ्यावर आपण या उतरंडीत नेमके कुठे उभे आहोत ते दिसते. त्यातही एक शिस्त मला फार आवडली: देशाच्या पानावर जास्तीत जास्त नऊ शहरे आणि नऊ इतर ठिकाणे द्यायची, त्याहून जास्त नाही. इटलीसारख्या देशातून नऊच शहरे निवडायची म्हणजे वाद अटळ, आणि असे वाद प्रत्येक लेखाला जोडलेल्या चर्चापानावर उघडपणे होत असतात. कोणते शहर का ठेवायचे आणि कोणते का गाळायचे यावर जाणकारांनी घातलेली हुज्जत कधी कधी मूळ लेखापेक्षा जास्त शिकवून जाते. ज्यांची नावे नवांत बसत नाहीत, ती खालच्या पातळीवरच्या प्रदेशांच्या पानांवर सापडतात आणि शोधाची गंमत तिथेच सुरू होते.

उदाहरण जॉर्जियाचे देतो. देशाच्या पानावरून प्रदेशांत उतरत गेलो की वायव्येकडे, कॉकेशस पर्वताच्या कुशीत स्वानेती लागते. तिथले मुख्य गाव मेस्तिया. त्याच्याही पलीकडे सुमारे 2,100 मीटर उंचीवर उश्गुली हा वस्त्यांचा समूह आहे. घरांना लागून मध्ययुगातले दगडी बुरूज अजून उभे आहेत, दरीच्या टोकाला जॉर्जियातले सर्वोच्च शिखर श्खारा दिसते आणि 1996 पासून अप्पर स्वानेतीचा हा भाग जागतिक वारसा यादीत आहे. मेस्तिया ते उश्गुली हे अंतर लोक साधारण चार दिवसांत पायी कापतात आणि रात्रीचा मुक्काम वाटेतल्या गावांमध्ये करतात. यातले प्रत्येक तथ्य इंटरनेटवर इतरत्रही मिळेल, हे खरे आहे. पण 'उश्गुली' हा शब्दच ठाऊक नसताना तो शोधपेटीत कोण लिहिणार? नाव माहीत नसलेल्या जागेपर्यंत नेण्याचे काम शोधयंत्र करत नाही, उतरंड करते.

प्रत्येक पान ठरावीक प्रकरणांत विभागलेले असते: ठिकाणाची ओळख, तिथे पोहोचायचे कसे, फिरायचे कसे, काय पाहायचे, कुठे राहायचे, कोणती काळजी घ्यायची. अगदी शेवटी 'येथून पुढे कुठे' अशा अर्थाचे एक छोटे प्रकरण असते आणि माझ्या मते सगळ्या सेवेचा प्राण त्यातच आहे. छापील मार्गदर्शिकेत शेजारचे ठिकाण बहुधा वेगळ्या प्रकरणात, कधी तर वेगळ्या पुस्तकात असते. इथे ते एका टिचकीवर असते. नकाशावरच्या शेजाऱ्यांचा असा माग काढत मी एकदा दक्षिण अटलांटिकमधल्या सेंट हेलेनावर पोहोचलो. नेपोलियनने आपली शेवटची वर्षे, 1815 ते 1821, याच बेटावर नजरकैदेत काढली, एवढेच मला ठाऊक होते. तिथे नियमित प्रवासी विमान 2017 साली आले आणि तोवर केप टाउनहून बोटीने सुमारे पाच दिवसांचा प्रवास हाच नेहमीचा मार्ग होता, ही माहिती मला नवी होती. तिथून पुढची उडी ट्रिस्टन दा कून्यावर. त्या बेटावर विमानतळ नाही, लोकवस्ती अडीचशेच्या आत आहे, केप टाउनहून निघणारी बोट गाठावी लागते आणि उतरण्यासाठी बेटाच्या परिषदेची परवानगी आधी घ्यावी लागते. मी तिथे जाण्याची शक्यता शून्याच्या जवळपास आहे. तरीही ती संध्याकाळ वाया गेली असे मी म्हणणार नाही.

कोणत्या जागेला स्वतंत्र लेख द्यायचा, याची त्यांची कसोटीही मजेशीर आहे: तिथे झोपता येते का? मुक्कामाची सोय असेल तर लेख, नसेल तर ती जागा जवळच्या गावाच्या लेखात. म्हणून आयफेल टॉवरला इथे वेगळे पान नाही, तो पॅरिसच्या विभागात येतो. अंगकोरच्या अवशेषांसारख्या अवाढव्य परिसरांना, काही मोठ्या विमानतळांना आणि समुद्रात बुडी मारणाऱ्या हौशी लोकांच्या आवडत्या जागांना मात्र अपवाद केलेला आहे. या नियमामुळे मुक्काम केंद्रस्थानी येतो आणि छायाचित्र काढून परत फिरण्याची सहल आपोआप मागे पडते.

लेखनाचा बाज विकिपीडियापेक्षा वेगळा आहे, कारण इथे प्रत्येक विधानाला संदर्भ जोडण्याची सक्ती नाही. स्वतः पाहिलेले लिहायला मुभा आहे आणि प्रवाशाचे हित सर्वांत आधी, हे घोषित धोरण आहे. जाहिरातबाज भाषा खोडली जाते. एखादे गाव कंटाळवाणे असेल तर तसे सौम्य शब्दांत लिहिलेलेही आढळते. फसवणुकीच्या प्रचलित प्रकारांवरचा स्वतंत्र लेख तर कोणत्याही देशी जाणाऱ्याने वाचावा असा आहे.

आता उणिवांकडे. दर्जातली तफावत प्रचंड आहे. शिकागोचा लेख सर्वोच्च श्रेणीचा आहे, शहराच्या एकेका विभागाला स्वतंत्र पान आहे, इतकेच नव्हे तर तिथल्या गगनचुंबी इमारती ओळखण्यासाठी वेगळी मार्गदर्शिका आहे. दुसरीकडे हजारो पाने प्रकरणांची शीर्षके आणि त्यांखाली दोन-चार ओळी एवढ्यावरच थांबलेली आहेत. ही श्रेणी लेखाच्या तळाशी प्रामाणिकपणे नोंदवलेली असते, पण नवख्या वाचकाची नजर तिथवर पोहोचत नाही. शिवाय जिथे इंग्रजी लिहिणारे प्रवासी जास्त जातात तिथले लेख पुष्ट आणि इतर भाग कुपोषित, हा असमतोल स्पष्ट दिसतो. मध्य आफ्रिकेतल्या पानांवर उतरंड शाबूत असते, पण आत शिरल्यावर हाती फारसे लागत नाही. अनोळखी ठिकाणे शोधण्यासाठी वापरायच्या सेवेत, नेमक्या अनोळखी ठिकाणांची पानेच कृश असावीत, ही तिची मुख्य मर्यादा आहे.

हॉटेले आणि खाणावळींच्या नोंदी मी जवळजवळ वगळूनच वाचतो. अनेक नोंदींपुढे त्या शेवटच्या कधी अद्ययावत केल्या तो महिना आणि वर्ष दिलेले असते; तिथे जुने वर्ष दिसले तर दर आणि वेळा गृहीत धरू नयेत. दिसण्याच्या बाबतीतही फार अपेक्षा ठेवू नये. माथ्यावर एक लांबट आडवे चित्र असते, ज्याची रुंदी उंचीच्या सातपट असते आणि ज्यात डोंगररांगा छान बसतात पण मनोरे हमखास कापले जातात.

नकाशांचा पाया ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवकांनी बनवलेल्या मुक्त नकाशाचा आहे आणि लेखातली ठिकाणे त्यावर क्रमांकांनिशी दिसतात. संपूर्ण मार्गदर्शिका किविक्ससारख्या अ‍ॅपमध्ये आधीच उतरवून इंटरनेटशिवाय वाचता येते, आणि ही सोय परक्या देशात उतरल्यावर फोनला नेट नसेल तेव्हा फार मोलाची ठरते.

तारखा आणि खर्च टाकून तयार कार्यक्रम हवा असणाऱ्यांनी इकडे फिरकू नये, त्यांची निराशा होईल. नाव शोधायला मी विकिव्हॉयेज वापरतो आणि एखादे ठिकाण मनात पक्के झाले की व्हिसा, प्रवेशाचे नियम आणि बोटींची वेळापत्रके संबंधित देशाच्या अधिकृत संकेतस्थळांवर पुन्हा तपासतो, कारण लेखात व्हिसाचा नियम लिहिणारा स्वयंसेवक तो नियम बदलल्याच्या दिवशी जागा असेलच असे नाही.