पिवळा बल्ब, सीएफएल की एलईडी: दिवा कुठे लावायचा ते आधी बघा

आमच्या बाथरूमच्या छताला काचेचा बंद डोम आहे. त्यात लावलेला एलईडी बल्ब वर्षभरातच गेला. खोक्यावर २५,००० तास छापलं होतं; रोज तीन तास धरले तरी ती बावीस वर्षांहून जास्त होतात. राहवेना, म्हणून बल्ब होल्डरमधून काढून त्याचं पांढरं टोपण उघडलं. गोल पट्टीवरचे पिवळे ठिपके, म्हणजे उजेड देणारे डायोड, सगळे शाबूत होते. खालच्या भागातला कपॅसिटर, म्हणजे वीज थोडा वेळ साठवणारा छोटा भाग, मात्र डोक्यावर फुगलेला. तेव्हापासून कोणता दिवा घेऊ असं कुणी विचारलं, की मी आधी एवढंच विचारते: दिवा लावायचा कुठे आहे?

विजेच्या बाबतीत वादच नाही. ६० वॅटचा साधा पिवळा बल्ब साधारण ८०० लुमेन (उजेडाचं माप) उजेड देतो. तेवढ्याच उजेडाला सीएफएलला १४ वॅटच्या आसपास लागतात, एलईडीला ९. रोज पाच तास दिवा चालला, तर वर्षाला पिवळा बल्ब ११० युनिट खातो, सीएफएल २५-२६ आणि एलईडी १६-१७. पिवळ्या बल्बमधली टंगस्टनची तार अडीच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापते. त्या विजेतला जेमतेम पाच टक्के भाग उजेड होतो, बाकी सगळी उष्णता. त्यामुळे ज्या खोलीत तासन्‌तास दिवा लागतो, तिथला पिवळा बल्ब उडायची वाट पाहू नका, आजच बदला. माळ्यावर दिवसातून पाच मिनिटं लागणारा बल्ब मात्र वर्षाला दोन युनिटही खात नाही. तो आहे तसा राहिला तरी काही बिघडत नाही.

सीएफएलचं थोडक्यात सांगते. चालू असेल तर चालू द्या; एलईडीशी फरक वर्षाला नऊ-दहा युनिटांचा. नवा मात्र घेऊ नका. पूर्ण उजेड यायला त्याला वेळ लागतो, सारखी उघडझाप केली की तो लवकर जातो, आणि आत काही मिलिग्रॅम पारा असतो. फुटलाच तर खिडक्या उघडून थोडा वेळ खोलीबाहेर थांबा. मग झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर न लावता जाड पुठ्ठ्याने आणि चिकटपट्टीने तुकडे गोळा करा.

आता आयुष्य, कारण एलईडीवरच्या बहुतेक तक्रारी त्याच्याच असतात. पिवळा बल्ब सुमारे १,००० तास टिकतो, सीएफएल ८,००० च्या आसपास, एलईडीवर १५,००० ते २५,००० तास लिहिलेलं असतं. हा आकडा सहसा डायोडांचा उजेड मूळच्या ७० टक्क्यांवर येईपर्यंतचा असतो. पण बल्बमध्ये ड्रायव्हरही असतो. घरात येणारी वीज डायोडांना चालेल अशी करून देणारं ते छोटं सर्किट. त्यातल्या कपॅसिटरला उष्णता सोसत नाही: तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. एलईडी हाताला फार गरम लागत नाही, म्हणून तो तापतच नाही असं वाटतं. प्रत्यक्षात त्याची उष्णता बुडाशी, ड्रायव्हरपाशीच साचते आणि बंद डोममध्ये तिला बाहेर पडायला वाट नसते. अशा ठिकाणी कमी वॅटचा बल्ब लावा, तोही खोक्यावर बंद दिव्यासाठी चालतो असं लिहिलेला. ओव्हनच्या आत तर एलईडी लावूच नका, तिथे तापमान सोसणारा साधा किंवा हॅलोजन बल्बच हवा.

कधी उलटंही होतं. ड्रायव्हर ठीक असतो आणि एका पिवळ्या ठिपक्यावर बारीक काळा डाग दिसतो. डायोड बहुधा एकापाठोपाठ एक जोडलेले असल्याने तो एक गेला की अख्खा बल्ब बंद पडतो.

उजेडाच्या रंगात पिवळ्या बल्बची बरोबरी करणं एलईडीला अजून जड जातं. पांढऱ्या एलईडीत मुळात निळा डायोड असतो आणि त्यावरचा पिवळा लेप त्यातल्या काही निळ्या उजेडाचा रंग बदलतो. हा निळा डायोड जमवायला अनेक वर्षं गेली. त्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. खोक्यावर ६५०० केल्विन असेल तर उजेड निळसर पांढरा, २७०० असेल तर पिवळ्या बल्बसारखा ऊबदार. झोपायच्या खोलीत २७००च लावा, कारण रात्रीचा निळसर उजेड झोप लांबवतो. दुसरा आकडा सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात याचं माप. पिवळ्या बल्बचा तो १०० च्या जवळ असतो, बऱ्याच एलईडींचा ८०. दिव्याखाली तळहात धरून बघा: सीआरआय कमी असेल तर हाताचा लालसरपणा जाऊन तो राखट दिसतो. आरशापाशी आणि शिवणकामाच्या जागी ९० किंवा जास्तच घ्या, थोडी वीज जास्त गेली तरी चालेल.

हलक्या ड्रायव्हरचे बल्ब डोळ्यांना जाणवणार नाही इतक्या वेगाने लुकलुकतात. काहींचं त्याने डोकं दुखतं. मोबाइलचा कॅमेरा स्लो मोशनवर ठेवून बल्बकडे धरा. चित्रात काळे पट्टे सरकताना दिसले तर तो बल्ब अभ्यासाच्या टेबलावर नको. डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायचं बटण, असेल तर खोक्यावर डिमेबल लिहिलेलं आहे ना ते पाहा, आणि तरी डिमर जुना असेल तर कुरबुर होऊ शकते. बटण बंद करूनही एलईडी अंधुक मिणमिणत असेल, तर बटणावर छोटा इंडिकेटर दिवा आहे का बघा. त्याच्यातून जाणारा किंचित प्रवाहही एलईडीला पुरतो.

म्हणून सगळ्या घराचे बल्ब एकदम आणू नका. प्रत्येक जागेसाठी आधी एकेकच आणा, ज्या होल्डरला लावायचा तिथेच लावा आणि अंधार पडल्यावर त्या खोलीत बसून बघा.