एरोप्रेस आणि आमचा ट्रेलर : आठ महिन्यांनंतर

आम्ही अमेरिकेत, फीनिक्सला राहतो. ऑक्टोबरात गाडीमागे ओढायचा, आत राहता येईल असा चोवीस फुटी जुना ट्रेलर घेतला, तेव्हापासून पस्तीसेक रात्री त्यात काढल्या असतील. त्यात सकाळची कॉफी कशी करायची, हा प्रश्न शेवटी एरोप्रेसने, म्हणजे हाताने दाबून कॉफी करायच्या नळकांड्याने सोडवला.

पहिल्या ट्रिपला घरचंच विजेवरचं कॉफीचं ड्रिप मशीन नेलं, ९०० वॉटचं. ग्रँड कॅन्यनच्या मॅथर कॅम्पग्राउंडवर हुकअप, म्हणजे ट्रेलरला वीज-पाण्याची जोडणी, नसतात. रात्रभर फर्नेसचा (हीटरचा) पंखा चाललेला, त्यात सकाळी इन्व्हर्टरवर मशीन लावलं. अर्धा कप झाला न झाला तोच इन्व्हर्टर किंचाळून बंद. मग बसून हिशेब केला: १२ व्होल्टवर ९०० वॉट म्हणजे ७५ अँपिअर, शिवाय इन्व्हर्टर स्वतः खातो ते वेगळंच. आमची लेड-ॲसिड बॅटरी १०० अँपिअर-अवरची, त्यातली निम्मीच वापरायची. आणि पहाटे जनरेटर लावायला बंदी.

मग फ्रेंच प्रेस आणला, म्हणजे दाबायची जाळी असलेलं कॉफीचं भांडं. चव उत्तम, पण धुवायला कॉफीच्या दुप्पट पाणी, आणि गाळ थेट ग्रे टँकमध्ये, म्हणजे ट्रेलरच्या सांडपाण्याच्या टाकीत. टँक भरला की बाडबिस्तरा गुंडाळायचा.

एरोप्रेस दिसायला बैलाला टोचायच्या सिरिंजसारखा. हवेत फेकायच्या चकत्या बनवणाऱ्या ॲलन ॲडलरने तो २००५ मध्ये बाजारात आणला. गॅसवर पाणी उकळायचं (छताचा व्हेंट आणि खिडकी उघडी ठेवून), पंधरा ग्रॅम पूड, ढवळायचं, दाबायचं. खरी मजा पुढे: गाळणीची टोपी काढून दांडा ढकलला की चोथ्याची घट्ट वडी टप्पकन कचऱ्यात पडते. दांड्याच्या टोकाचं रबर कागदाने पुसलं, झालं. दोघांच्या कॉफीनंतर धुवायला मला जेमतेम अर्धी वाटी पाणी लागतं.

घरी पाणी उकळल्यावर ते जरा निवावं म्हणून मी मिनिटभर थांबतो. मॅथरला सात हजार फुटांवर पाणी ९३ अंशांनाच उकळतं, तिथे थेट ओततो. हलक्या भाजणीची पूड मात्र तिथे आंबट लागली. जरा बारीक दळून जास्त वेळ ठेवली तेव्हा जमली.

उलटं उभं करून कॉफी करायची पद्धत ट्रेलरमध्ये करू नका. एकदा ट्रेलर नीट लेव्हल केला नव्हता, सगळं गरम पाणी ओट्यावरून माझ्या मोज्यांत. ठेवताना दांडा पूर्ण बाहेर काढून ठेवा, नाहीतर रबर दबून राहतं.

एका वेळी एकच कप होतो, हा जाच आहेच. मार्चमध्ये सांगलीहून आई-बाबा आले होते, तेव्हा चौथा कप होईपर्यंत पहिला गार. आईने काळी कॉफी एक घोट घेतला आणि विचारलं, "दूध कधी घालणारेस?" दुसऱ्या दिवशी तिने ओटा ताब्यात घेतला. माझाच अर्क पातेल्यातल्या उकळत्या दुधात ओतला, साखर घातली, वर जायफळ किसलं.

आता एरोप्रेसच्या डब्यात एक जायफळ आणि छोटी किसणी कायमची असते. दुधाचं पातेलं धुवायला मात्र लिटरभर पाणी जातं.