माती-चुन्यात घर बांधून देणारी सेवा : एका पूर्ण झालेल्या कामाचे परीक्षण

जागेवर निघणारी माती, जवळच्या खाणीतला दगड, भट्टीचा चुना आणि लाकूड वापरून आपल्या गरजेप्रमाणे घर बांधून देऊ, असे सांगणारे वास्तुविशारद आणि ठेकेदार आता बरेच आहेत. त्यांपैकी एका पथकाकडून आम्ही घर बांधून घेतले आणि त्यात एक पावसाळा काढल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे. पथकाचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण इथल्या उणिवा त्यांच्यापुरत्या मर्यादित नसून या पद्धतीने काम करणाऱ्या कोणाच्याही बाबतीत तपासून घ्याव्यात अशा आहेत.

त्यांच्या कामाचा सर्वांत भक्कम भाग म्हणजे मातीची पारख. पालापाचोळा आणि मुळे कुजून मागे पोकळी राहते, म्हणून वरचा थर त्यांनी आधी बाजूला काढला आणि त्याखालची माती काचेच्या बरणीत पाण्यासह घुसळून ठेवली. काही वेळातच तळाशी वाळू बसली, तिच्यावर पोयटा आणि सर्वांत शेवटी, पाणी निवळत गेले तशी, चिकणमातीची गुळगुळीत साय. ही साय जाड निघाल्यामुळे त्यांनी मातीत जाडी वाळू मिसळली, चाळून घेतलेल्या मिश्रणात सुमारे 5 टक्के सिमेंट घातले आणि यंत्रात दाबून विटा काढल्या. या विटा भट्टीत भाजाव्या लागत नाहीत, मात्र काही आठवडे झाकून ओल्या ठेवाव्या लागतात. चिकणमाती याहून जास्त असती, तर सिमेंटऐवजी चुना वापरला असता, हेही त्यांनी आपणहून सांगितले. मला विशेष आवडले ते हे, की विटेची ताकद त्यांनी ती पाण्यात भिजवून मोजून दाखवली. दाबलेल्या मातीची वीट भिजली की तिची ताकद कोरड्या विटेच्या जवळपास निम्म्यावर येऊ शकते, त्यामुळे जो ठेकेदार फक्त कोरड्या विटेचा आकडा पुढे करतो, त्याच्याकडे ओल्या विटेचा आकडा मागितलाच पाहिजे.

आराखडाही त्यांनी विटेच्या मापावर बेतला होता. खिडक्यांच्या चौकटी आणि भिंतींचे कोपरे अशा अंतरावर पडले, की वीट फोडण्याची वेळ फारशी आली नाही. जोते दगडी आणि जमिनीपासून चांगले उंच, छपराच्या पागोळ्या भिंतीपासून दूर पडतील इतकी वळचण आणि जोत्यावर ओल अडवणारा थर, या तीन गोष्टींवर त्यांनी तडजोड केली नाही. भर पावसाळ्यातही भिंतीच्या तळाला ओल चढली नाही, त्याचे श्रेय यालाच आहे.

त्यांच्या माहितीपत्रकातला ‘मातीची भिंत उष्णता रोखते’ हा दावा मात्र मला मान्य नाही. जाड मातीची भिंत उष्णता रोखत नाही, ती साठवते आणि काही तासांनी आत सोडते. रात्री हवा गार होत असेल आणि खिडक्या उघड्या ठेवता येत असतील, तर याचा फायदा भरपूर मिळतो. रात्रीही उकडत असेल, तर तीच भिंत झोपेच्या वेळी ऊब देत राहते.

पारंपरिक म्हणजे आपोआप सुरक्षित, अशीही समजूत असते. इराणमधील बाम शहरात 26 डिसेंबर 2003 रोजी झालेल्या भूकंपात 25,000 हून अधिक माणसे दगावली आणि त्यात जड मातीच्या भिंती व छपरे कोसळल्याचा वाटा मोठा होता. आमच्या घरात जोते, लिंटेल (दारे-खिडक्यांचा माथा) आणि छप्पर अशा तिन्ही पातळ्यांवर भिंतींना एकत्र बांधून ठेवणारे सलग पट्टे आणि कोपऱ्यांत उभ्या सळ्या आहेत. पट्ट्यांमुळे भिंतीचे रूप बिघडते, असे पथकातल्याच एकाचे म्हणणे होते. संरचना अभियंत्याने ते मानले नाही, हे बरे झाले.

खरी निराशा गिलाव्याने केली. चुनखडी सुमारे 900 अंश सेल्सिअसला भाजून कळीचा चुना मिळतो, तो पाण्यात विझवून मुरत ठेवावा लागतो आणि भिंतीवर चढल्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत तो सावकाश घट्ट होतो. म्हणून थर पातळ हवेत, दोन थरांत अवधी हवा आणि ऊन टाळून भिंत ओलसर ठेवायला हवी. बैठकीच्या खोलीत हे सगळे नीट झाले आणि तिथली भिंत हात फिरवावा अशी आहे. न्हाणीघराच्या बाहेरच्या बाजूला मात्र उपठेकेदाराच्या गवंड्याने, लवकर उरकावे म्हणून, सिमेंटचा गिलावा केला. आतली ओल त्याच्यामागे अडकली, बोटाने ठोकले की पोकळ आवाज येऊ लागला आणि पुढे त्याचे पापुद्रे सुटले. पथकाने तो खरवडून स्वखर्चाने चुन्यात पुन्हा केला, हे मान्य. पण त्या दिवशी देखरेखीला त्यांचा माणूसच नव्हता. या पद्धतीत सामान साधे असते आणि सगळी भिस्त हातावर असते, त्यामुळे देखरेखीची ही ढिलाई मी किरकोळ मानत नाही.

नळ आणि वायरिंगचे काम ठीक आहे. नळ भिंतीत न पुरता बाहेरून नेले आहेत, जे मातीच्या घरात योग्यच. जड कपाटे टांगण्यासाठी भिंतीत आधीच लाकडी ठोकळे बसवावे लागतात. आम्ही जागा सांगितल्या तिथे ते आहेत, आणि नंतर सुचलेले प्रत्येक फडताळ आता जमिनीवर उभे आहे.

डागडुजीबद्दल त्यांनी आधी फार थोडे सांगितले. मालीमधील जेन्ने गावची 1907 मध्ये उभारलेली मातीची मोठी मशीद दरवर्षी गावकरी एकत्र येऊन लिंपतात, म्हणूनच ती दिमाखात उभी आहे. चुन्याच्या गिलाव्याला इतकी निगा लागत नाही, पण पावसाचा मारा लागणाऱ्या भिंतींना ठरावीक काळाने चुन्याचा हात द्यावाच लागतो. घर ताब्यात देताना पथकाने माती, वाळू आणि चुन्याच्या प्रमाणांची वही दिली, जिच्यावरून कोणताही जाणता गवंडी जुन्याशी जुळणारा गिलावा करू शकेल. पहिल्या दोन पावसाळ्यांनंतरची पाहणी मात्र करारात नव्हती. ती नंतर मागितल्यावर वेगळे शुल्क सांगण्यात आले. करार करतानाच ती लिहून घ्यावी.